सर्वांना सहा वर्षं माफ

"सॉफ्टवेअर म्हणजे लोणचं! जितकं मुरेल तितकं भारी!" मेळाव्याच्या आठवडाभर आधी गोटीरामभाऊंनी जाहीर करून टाकलं.

द्वारका चौकाजवळच्या वधूवर केंद्राचे ते तहहयात अध्यक्ष. १९९५ साली त्यांच्या मेव्हण्याने केंद्रासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. जन्मतारीख भरा, वय आणि जोडी आपोआप! अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटरने राम म्हटला आणि भाऊंनी फ्लॉपी देव्हाऱ्यात ठेवली. २००४ साली देणगीत नवाकोरा कॉम्प्युटर आला, तेव्हा ती हळदीकुंकवासकट बाहेर निघाली.

पण प्रोग्रॅम नव्या विंडोजवर उघडायचा, २००४ साल बघायचा आणि मटकन खाली बसायचा.

"मंजे, काहीतरी कर! माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे!"

मंजुषा त्यांची मुलगी. बावीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली. तिला पुण्यात दोन वर्षांचं एम.एस्सी. करायचं होतं आणि भाऊंना ती याच मेळाव्यात सायखेड्याच्या दत्तूनानांच्या महेशला देऊन टाकायची होती. तिचा प्रवेशाचा फॉर्म महिनाभर भाऊंच्या सहीवाचून पडला होता.

तिने कॉम्प्युटरची तारीख सहा वर्षं मागे नेली. प्रोग्रॅम टुणकन उठला!

"बाबा, चाललं. पण यामुळे..."

"पणबिण नको! प्रिंट काढ! दोनशे!"

मेळाव्यात भाऊ माइकवर गरजले, "या यादीला माणसाचा हात लागलेला नाही! कॉम्प्युटर खोटं बोलत नाही!"

हॉलमध्ये आनंदीआनंद झाला. एकतीसची ज्योत्स्ना पंचवीसची निघाली. छत्तीसचा दिनेश तिसावर परतला आणि लगेच भांग पाडून आला, होते तेवढ्या केसांचा. यादीच्या माथ्यावर १९९८ ची तारीख ठळक छापलेली होती, पण ती वाचायला सवड कोणाला! एरवी मुलीच्या उंचीतला अर्धा इंच शोधून काढणारी वरपक्षाची मंडळी आपलाही मुलगा कोवळा झालेला पाहून मूग गिळून गप्प बसली. दुपारपर्यंत अकरा जोड्या जमल्या.

तेवढ्यात दत्तूनाना यादी नाचवत आले. "भाऊ, तुमची पोरगी खाली 'अपात्र'मधी हाय! वय सोळा! आमाला जेलात घालता का काय?"

"अहो नाना, ती बावीसची आहे!"

"मंग कॉम्प्युटर खोटं बोलतो?"

भाऊ धावत मुलीकडे गेले. "मंजे, आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर!"

"करते की. पण मग सगळेच सहा वर्षांनी मोठे होतील."

समोर ज्योत्स्नाची आई डोळे पुसत पेढे वाटत होती. तिने एक पेढा भाऊंच्याच तोंडात कोंबला.

तो कसाबसा गिळून भाऊ माइकपाशी गेले. "मुलगी... सोळाचीच आहे. दोन वर्षं थांबावं लागेल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढा सच्चा अध्यक्ष कुठे मिळणार!

"दोन वरसं कोण थांबतंय?" म्हणत नानांनी तिथल्या तिथे महेशची दुसऱ्या मुलीशी जोडी जमवली. मेळाव्यातली बारावी!

संध्याकाळी भाऊंनी एम.एस्सी.च्या फॉर्मवर मुकाट्याने सही ठोकली, खाली तारीखही घातली.

"बाबा," मंजुषा हळूच म्हणाली, "ते १९९८ खोडा. कॉलेजात मी बावीसची आहे."