पहिल्या गाण्याचे चार मालक

आयुष्यात मी बढाई एकदाच मारली, तीही भाचीसमोर. "त्यात काय एवढं? दोन दुपारींचं काम आहे!" असं म्हणून मी चहाचा घोटसुद्धा ऐटीत घेतला. तो घोट अजून खाली उतरलेला नाही.

मी मुळात भित्रा माणूस. दारावरची बेल वाजली की मी आधी पुस्तकाआड होतो, मग ही दार उघडते. नोकरीची सगळी वर्षं मी एका प्रकाशन संस्थेत निवडक कवितांची संकलनं केली. ज्याची कविता घेतली नाही तो कवी रागावतो, हे खरं. पण कवी रागावला तर पत्र लिहितो, आणि शेवटी 'आपला नम्र' म्हणून सही करतो. म्हणून तर मी तग धरून राहिलो.

भाची रेकॉर्ड कंपनीत कामाला. त्यांना एका जुन्या, गाजलेल्या रॉक बँडच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढायचा होता. सगळ्या कारकिर्दीचा आढावा, जाड पुठ्ठ्याच्या देखण्या वेष्टनात. अडचण अशी, की बँडमधले चौघं बँड मोडल्यापासून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. करारात एकच अट होती: गाणी निवडणारा माणूस चौघांनाही चालला पाहिजे.

"मग एखादा नावाजलेला समीक्षक घ्या," मी म्हणालो.

"घेतला होता. त्याने फोन नंबर बदललाय."

"रेडिओवरचं कोणी?"

"त्याने गावच बदललं."

इथेच मी उठून आतल्या खोलीत जायला हवं होतं!

"मामा, तुझ्या नावाला मात्र चौघांपैकी एकानेही हरकत घेतली नाही!"

"असं? का बरं?"

"तुला कोणी ओळखतच नाही ना!"

माझ्या कारकिर्दीचा इतका नेमका आढावा आजवर कोणी घेतला नव्हता.

मग तिचा आवाज खाली आला. "मामा, यावेळी चौघांच्या सह्या झाल्या नाहीत तर माझी नोकरी जाणार आहे. साहेबांनी स्पष्टच सांगितलंय. एवढं करशील?"

या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. आणि तेव्हाच मी ते दोन दुपारींचं वाक्य बोलून बसलो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली. मी पुस्तकाआड. हिने दार उघडलं आणि आत येऊन म्हणाली, "अहो, कोणीतरी आलंय. मफलर आहे, पण आवाज नाही."

तो बँडचा गायक होता. याला सगळे वाघ म्हणतात. केस पांढरे, गुडघे दुखरे, पण डोळे पिंजऱ्याबाहेरचे! तो प्रकाशन समारंभासाठी गळा राखून ठेवत होता, म्हणून नुसता कुजबुजत होता. ओरडणाऱ्या माणसाची भीती वाटते ती कानांना. कुजबुजणाऱ्याची थेट पोटात जाते.

"पहिलं गाणं," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "माझं हवं."

"तुमची सगळीच गाणी तशी..."

"पहिलं. ज्याचं गाणं पहिलं, बँड त्याचा. बाकीचे नुसते वाजवणारे. कळलं?"

"हो," मी म्हणालो.

आता हे सांगायला हवं, की मला 'नाही' म्हणता येत नाही. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांमुळे आमच्या घरात तीन इस्त्र्या आहेत.

संध्याकाळी गिटारवाला आला. हा विंचू. किडकिडीत, काळा कोट, उजव्या हाताची नखं वाढवलेली. तो बसलाच नाही. माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "तो येऊन गेला?"

"कोण? नाही... म्हणजे हो."

"पहिलं गाणं मागितलं असेल त्याने." असं म्हणत त्याने शब्दकोशाचा दुसरा खंड बाहेर काढला आणि स्वयंपाकाच्या पुस्तकांमध्ये खोचला. उलटा!

"अहो, तो तिथे नसतो..."

"नसतो का?" त्याने आता पहिला खंड काढला. "गाणं लोक गिटारसाठी ऐकतात. तो नुसता आरडतो." पहिला खंड बागकामात गेला. तिसऱ्यावर त्याचं लांब नख टेकलं. "मग पहिलं गाणं कोणाचं?"

"तुमचं!" मी किंचाळलो.

तो गेल्यावर मी कपाट लावत बसलो, तर ही म्हणाली, "अहो, सकाळी तुम्ही त्या मफलरवाल्यालाही हेच सांगितलंत ना?"

"बघू गं काहीतरी," मी म्हणालो. तेवढ्यात चौथा खंड हातून सुटून पायावर पडला.

ड्रमवाला आला तेव्हा मी घरी नसल्याचं नाटक केलं. पण ते नाटक हिला आधी सांगायला विसरलो. "या ना, आतच आहेत, पलंगामागे!" हिने त्याला सांगितलं. बुलडोझर म्हणतात याला, आणि खऱ्या बुलडोझरने याला पाहिलं तर तोही मान्य करेल. तो वेताच्या खुर्चीवर बसला आणि लगेच जमिनीवर बसला, कारण मधे खुर्ची उरली नाही. मग त्याने हिच्याकडून आमटीचे दोन डाव मागून घेतले आणि बोलता बोलता पातेल्यांवर वाजवायला सुरुवात केली. कपाटाच्या काचा नाचल्या, शेजारच्यांनी भिंत ठोकली, त्याने भिंतीवरही ताल धरला!

"काका! पहिलं! गाणं! माझं!" प्रत्येक शब्दाला एक दणका.

"हो! हो! हो!"

त्याने खूश होऊन हात मिळवला. त्या हाताने मला पुढे कित्येक दिवस पान उलटता येत नव्हतं. ही मात्र त्याच्यावर फिदा. "किती मोकळा माणूस आहे! आणि तालाचा पक्का!"

बेस गिटारवाल्याची भीती सगळ्यात जास्त वाटली, कारण तो काहीच बोलला नाही. मौनी हे त्याचं नाव उगाच पडलेलं नव्हतं. तो आला, समोर बसला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिला. मी हवापाण्यावर बोललो. मग माझ्या पचनावर बोललो. ते संपल्यावर एका दिवंगत मावशीबद्दल बोललो. तो बघतोच आहे! घड्याळाची टिकटिक वाढत वाढत हातोड्यासारखी झाली. शेवटी माझा धीर सुटला.

"तुमचंच गाणं पहिलं ठेवू का?"

त्याने मान डोलावली. उठला. गेला.

"मला तर वाटतं, तो नुसता चहा प्यायला आला होता," ही कप उचलत म्हणाली.

थोड्याच वेळात भाचीचा फोन. आनंदाने नुसती चिवचिवत होती. "मामा, जादूगार आहेस तू! चौघंही खूश! प्रत्येक जण म्हणतो, असा जाणकार माणूस पाहिला नाही! नमुन्याची रेकॉर्ड तयार झाली की चौघं ऑफिसात एकत्र बसून ऐकणार आणि तिथेच सह्या करणार. गाण्यांचा क्रम कधी देतोस?"

"एकत्र?" मी विचारलं. "म्हणजे एकाच खोलीत?"

"हो ना! किती वर्षांनी! सगळं तुझ्यामुळे, मामा!"

फोन ठेवला आणि मी आडवा झालो. ही थर्मामीटर घेऊन आली. ताप नव्हता. माझ्या अंगाने ऐनवेळी नेहमीच दगा दिलाय. मी परगावी चुलतभावाकडे जायचं सुचवलं. ही म्हणाली, "अहो, पोरीची नोकरी जाईल आणि तुम्ही भावाकडे जाऊन पेपर वाचणार?" मी उशीत तोंड खुपसलं. मला वाघ दिसत होता, विंचू दिसत होता, माझे शब्दकोश खिडकीतून उडताना दिसत होते, आणि या सगळ्यामागे पोरगी टेबलाचे खण रिकामे करताना दिसत होती.

ही तोवर भाचीने आणून दिलेल्या जुन्या रेकॉर्डवरची धूळ पुसत होती. उलटसुलट करून बघत म्हणाली, "गंमतच आहे. हिच्या दोन्ही बाजूंना पहिलं गाणं आहे."

मी उशीतून डोकं वर काढलं.

"काय म्हणालीस?"

"या बाजूला एक, दोन, तीन. उलटली की पुन्हा एकपासून."

"संग्रहात रेकॉर्डी किती?"

"दोन. तुम्हीच म्हणाला होतात."

दोन रेकॉर्डी, चार बाजू! चार बाजू, चार पहिली गाणी! मी आनंदाने टुणकन उडी मारली आणि खाली आलो तो चष्म्यावर.

पण संकलकाची अक्कल माझ्यात अजून शिल्लक होती. बाजूंना आकडे दिले की 'एक' कोणाची यावर रक्तपात होणार. म्हणून मी आकडेच काढून टाकले. लाल, निळी, पिवळी, हिरवी. मला वाटलं, मी वाचलो.

ऑफिसातल्या त्या लांब टेबलाच्या चार कोपऱ्यांत चौघं बसले होते. मधे करार, उघडलेली पेनं, कडेला रेकॉर्ड प्लेअर. साहेब दाराजवळ उभे, बहुधा सुटायला सोपं म्हणून. भाचीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बुडणारा माणूस ओंडक्याकडे पाहतो. ओंडकाही बुडत होता, हे तिला कुठे ठाऊक!

मी रंगांचं समजावून सांगितलं. आवाज जेमतेम पहिल्या खुर्चीपर्यंत पोचत होता.

"म्हणजे पहिलं याचंही?" वाघ कुजबुजला.

"त्याच्या बाजूला त्याचं. तुमच्या बाजूला फक्त तुमचं."

बुलडोझरची बोटं टेबलावर वाजायची थांबली. विंचवाने नखाकडे पाहिलं. मौनीने मान डोलावली. आणि हळूहळू बाकीच्या तिघांनीही डोलावली!

"चला तर मग, ऐकूया!" साहेब उत्साहात म्हणाले.

"लाल लावा," वाघ.

"निळी," विंचू.

"पिवळी! नाहीतर मी हा निघालो!" बुलडोझर उठलाच.

मौनीने काही न बोलता हिरव्या बाजूवर पंजा ठेवला.

पेनांची टोपणं एकेक करून बंद झाली. टक्, टक्, टक्, टक्. भाचीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. चौघंही माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, काका. आधी कुठली?"

माझ्या जिभेवर 'हो' एवढा एकच शब्द होता, आणि इथे तो उपयोगाचा नव्हता. मी डोळे मिटून हाताला लागली ती रेकॉर्ड ओढली, हाताला आली ती बाजू वर केली आणि सुई टेकवली. हात इतका कापत होता, की सुई कडेला न पडता बरोबर मधे पडली. कोणाचंच पहिलं गाणं लागलं नाही.

लागलं ते एक संथ, साधं गाणं. गिटार जपून चाललेली, गायक जवळजवळ गुणगुणतोय. चौघांचे चेहरे पार बदलले. मला वाटलं, गहिवरले!

"हे यात कोणी घेतलं?" वाघ गरजला. राखून ठेवलेला सगळा गळा एका वाक्यात खर्च!

"अरे, हे लिफ्ट बंद पडली त्या दिवशीचं!" विंचू ओरडला.

"माझे ड्रम खालीच राहिले होते! मी खोक्यावर वाजवलंय यात!" बुलडोझर.

आणि मौनी बोलला. भाची म्हणते, कंपनीच्या इतिहासात त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"भिकार," तो म्हणाला.

पुढच्या क्षणी चौघं खो खो हसायला लागले. "तू किती बेसूर होतास!" "तू उभ्या उभ्या झोपला होतास!" "आणि हा तेव्हाही काही बोलला नाही!" एकमेकांच्या पाठीवर थापा पडल्या, बुलडोझरच्या थापेने विंचू टेबलाखाली गेला, त्याला वाघाने हात देऊन वर काढला. लाल, निळं, पिवळं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. त्यांनी एकमताने एकच अट घातली: हे गाणं काढून टाका. मग टोपणं पुन्हा उघडली आणि चारही सह्या झाल्या.

भाचीने मला मिठीच मारली. "मामा! हे तू मुद्दाम घातलं होतंस ना? चौघांना एकत्र आणायला?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

खरी गोष्ट अशी, की त्या अख्ख्या संग्रहात कोणालाही न घाबरता, केवळ मला आवडलं म्हणून मी निवडलेलं ते एकमेव गाणं होतं.

नमुन्याची ती रेकॉर्ड माझ्याकडेच राहिलीय. ही बाजारात गेली की खिडक्या लावून, आवाज अगदी बारीक करून मी ते गाणं ऐकतो. फार सुंदर आहे हो! पण हे कृपा करून कुठे बोलू नका. चौघांनाही माझं घर माहीत आहे.