आप्पांची पोहण्याची शाळा

लग्न होऊन मी वडगाव रासाईला आले, त्याच्या आठव्याच दिवशी माझ्या चुलत सासऱ्यांनी, आप्पांनी, मला विहिरीवर बोलावलं. माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायला काकूंना, म्हणजे चुलत सासूबाईंना, सांगितलं आणि स्वतः विहिरीकडे पाठ करून उभे राहिले.

"उतर पोरी. नदीकाठच्या घरात नांदायचं म्हंजी पवायला यायलाच पायजे."

माझं माहेर कवठे येमाई. तिथं प्यायच्या पाण्याची मारामार, पोहायचं कशात? मी रडायला लागले. आप्पा शांतपणे म्हणाले, "रडून घे. पन पाय हलवत रड."

गावातल्या कितीतरी सुना त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. कुणाच्याही घरी लग्नाची बोलणी चालू असली की आप्पा मध्येच विचारायचे, "पोरीला पवायला येतं का?" शिवणकाम, स्वयंपाक सांगत बसलेला मुलीचा बाप बायकोकडे बघायचा. सत्तरीच्या रखमामावशींनाही त्यांनी सोडलं नव्हतं. "आता माझं किती दिवस राहिलं आप्पा," असं त्या म्हणाल्या, तर उत्तर मिळालं, "जेवढं राहिल्यात तेवढं पान्याच्या वर काढा."

पाण्यात काकू असायच्या, हुकूम आप्पांचे. नुसत्या आवाजावरून त्यांना चूक कळायची. "उजवा पाय झोपलाय." "हात मारतीयास का पीठ मळतीयास?" पण एकदाही वळून बघायचे नाहीत. सासरा असावा तर असा मर्यादेनं वागणारा, असं आम्ही सगळ्या म्हणायचो.

माझ्या लग्नानंतर चौथ्या वर्षी वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि भीमा फुगली. काठावरची मोटर काढून आणायला आप्पा एकटेच गेले. ती सोडवेपर्यंत मागच्या ओढ्यातून पाणी शिरलं. मी आणि माझी जाऊ सुमन शेळ्या वरच्या रानात नेत होतो, तेवढ्यात हाक आली. आप्पा मोटरीच्या खोलीच्या पत्र्यावर उभे होते. आमच्यात चाळीसेक पावलांचं पाणी. ओढ फार नव्हती, पण चढत होतं.

"आप्पा, उडी टाका आन् या," सुमन म्हणाली.

"मला पवायला येत न्हाई."

आम्हाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी तेच परत, खणखणीत आवाजात सांगितलं.

सुमननं पळत जाऊन गोठ्यातली ट्रॅक्टरची ट्यूब आणली. साड्या खोचून आम्ही शिरलो. पाणी गार आणि गढूळ, खाली बाभळीचे काटे पायाला लागत होते. आप्पांना ट्यूबमध्ये बसवलं, तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटून माझं मनगट धरलं. सुमन पुढून ओढत होती, मी मागून ढकलत होते. निम्म्यावर आलो तर डोळे न उघडताच म्हणाले, "सुमन, पाय झोपला तुझा."

काठावर काकू उभ्या होत्या. पदरानं आप्पांचं डोकं पुसत म्हणाल्या, "तीस वरसं सांगतीय, शिका म्हनून."

आप्पा चिखलातच बसले. मग म्हणाले, "धाकटी भन हुती मला, हौसा. घाटावर धुनं धुताना पाय घसरला तिचा. मी काठावर हुतो. तिला येत नव्हतं आन् मलाबी. तवापासनं पान्याकडं बघवत न्हाई."

म्हणजे ती पाठ मर्यादेची नव्हती.

उन्हाळ्यात एका दुपारी ते आमच्या ओट्यावर आले. चहा घेतला, उसाचं बोलले. उठताना म्हणाले, "सूनबाई, उद्या सकाळी मोकळी हाईस का?"

सकाळी काकूंनी त्यांच्या पाठीला डबा बांधला. एकेक पायरी उतरत ते कमरेइतक्या पाण्यात आले आणि पायरीची कड धरून थांबले. मी घाई केली नाही. विहिरीचं पाणी आरशासारखं निवांत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी मान खाली घालून पाण्यात पाहिलं.

"हौसाचं नाक माझ्यासारकंच हुतं," ते म्हणाले.

मग कड सोडली.