समासातलं नाव

फ्रिजमध्ये कागद ठेवायला जागा हवी म्हणून शिगेहारु उमेनोने सकाळीच आतलं सगळं बाहेर काढून ओट्यावर मांडलं. मुळ्याचं लोणचं, टोफू, मिसोचा डबा आणि बायकोच्या माहेरून, ताकाशिमाहून आलेलं एक जड पुडकं.

"अहो, असल्या उकाड्यात हे बाहेर टिकेल का?" काझुए म्हणाली.

"आणि कागदाला बुरशी आली तर मी टिकेन का?"

"दादानं मुद्दाम पाठवलंय. तुमच्यासाठीच..."

"तुझ्या दादाला म्हणावं, चार दिवस कळ काढ."

त्याचंही चुकत नव्हतं. लाकडी ठशांनी चित्र छापायचं तर हातकागद ओलसर लागतो, एकेका चित्राला डझनभर ठसे, आणि क्योतोच्या ऑगस्टात ओला कागद रात्रभर बाहेर राहिला की त्यावर बुरशी आपली स्वतःची नक्षी काढते. म्हणून हल्ली सगळेच छापणारे कागद फ्रिजमध्ये ठेवतात आणि सगळ्यांच्याच बायका कुरकुरतात.

पण यावेळी गोष्ट वेगळी होती. उमेनोने उभा जन्म दुसऱ्यांची चित्रं छापण्यात घातला होता. या धंद्यात चित्रकाराचं नाव भिंतीवर लागतं, दुकानदाराचं पाटीवर, आणि छापणाऱ्याचं बायकोच्या तोंडी, तेही भांडणात. तोक्योची रेइना काशिवादे नव्या दमाची चित्रकार. नाणी टाकून कपडे धुवायची दुकानं असतात, त्यांची चित्रं ती टॅबलेटवर काढायची. कोरायचा दुसरा, छापायचा उमेनो. धीर करून त्याने तिला विचारलं होतं, चित्राखालच्या समासात 'छपाई : शिगेहारु उमेनो' एवढं छापलं तर चालेल का?

"लावा की, उमेनोसान," ती फोनवरून नजर न काढता म्हणाली. "समासच तर आहे."

कोरणाऱ्यालाही त्याने विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मला माझं नाव माहीत आहे."

उमेनोने आपल्या नावाचा ठसा स्वतः कोरला. चेरीच्या लाकडाचा सर्वांत चांगला तुकडा त्यात गेला.

फ्रिज रिकामा केला त्या दुपारी तो आंघोळीला गेला तेवढ्यात काझुएने पुडकं उघडून एक चकती कापून चाखली, घाईघाईत कागद गुंडाळला आणि ते गुपचूप फ्रिजमध्ये ओल्या कागदांच्या खाली सरकवलं. आत होता सरोवरातला मासा, दोन वर्षं भातात मुरवलेला. ज्याला त्याची गोडी आहे त्याच्या तोंडाला वासानेच पाणी सुटतं. बाकीचे गटार कुठं फुटलं ते शोधू लागतात. उमेनोचं नाक सासुरवाडीला कधीच सरावलेलं होतं. चार दिवस तो त्या कागदांवर घोटणी फिरवत राहिला आणि त्याला फक्त रंगाचा वास आला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गॅलरीचे मालक हिरोत्सुसान चौकटी घेऊन आले, तेव्हा उमेनोनेच त्यांना अडवलं. "हातकागद आहे हा. काचेआड कोंडायचा नसतो. उघडा टांगा." समास दिसायला हवा, हे काही तो बोलला नाही. चित्रं उघडीच टांगली गेली.

सकाळी उमेनो आणि काझुए गॅलरीवर पोचली तर हिरोत्सुसान नाकाला रुमाल लावून दाराबाहेर उभे.

"उंदीर मेलाय," ते म्हणाले.

छताचा एक पत्रा काढला. उंदीर नव्हता. मोरी उपसली. वास तसाच. प्लंबर आला, त्याने जमिनीखालचा नळ फुटला असणार असं सांगितलं आणि दोन फरशा उचकटल्या. चारला पाहुणे यायचे होते. रेइना धुतलेल्या चादरींच्या चित्रापाशी जाऊन उभी राहिली, वाकली, आणि एकदम मागे सरली.

"उमेनोसान, माझ्या चादरींना मासळीचा वास येतोय."

उमेनोने वळून काझुएकडे पाहिलं.

"तुम्हीच बाहेर काढलं होतंत," काझुए हळूच म्हणाली. "तुमचं नाव लागणार म्हणून दादानं पाठवलं होतं. आज रात्री जेवायला."

मग पुढचं झटपट झालं. हिरोत्सुसाननी परत पाठवलेल्या चौकटी मागवल्या. चित्रावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर काच, मागून चिकटपट्टी, की वास आतल्या आत. पुठ्ठ्याची खिडकी मात्र चित्राच्याच मापाची होती. रेइनाची सही चित्रातच कोरलेली. ती शाबूत राहिली.

"खालून बोटभर जास्त कापता येईल का?" उमेनोने विचारलं.

"कशाला?" हिरोत्सुसान म्हणाले. "खाली काय आहे?"

उमेनोने रेइनाकडे पाहिलं. तिला आठवत नव्हतं. "काही नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच हाताने त्याने एकेका चित्रावर पुठ्ठा दाबून बसवला. हाताला सवय होती. एकही वाकडा बसला नाही.

चारला पाहुणे आले. भिंती स्वच्छ होत्या, फक्त उचकटलेल्या फरशांवर सतरंजी होती. लोकांनी रेइनाच्या रंगांची तारीफ केली. उमेनोने ते रंग थर देऊन चढवले होते, तो कोपऱ्यात चहाचा कप धरून ऐकत होता. एवढ्यात नाकानिशी नावाची एक म्हातारी, मोठी दर्दी ग्राहक, एका चौकटीशी थबकली. चिकटपट्टी तिथं जराशी सुटली होती.

"अगबाई," ती म्हणाली. "हा तर आमच्या ताकाशिमाचा वास." तिचे डोळे भरून आले. "इतकं सुरेख काम कुणाचं?"

"माझं," रेइना पुढे होऊन म्हणाली.

"चित्र नव्हे गं. मासा."

उमेनोने कप खाली ठेवला.

"माझ्या दादाचा," काझुए म्हणाली. "तेइजी सावामुरा."

"तेइजी सावामुरा," म्हातारीने दोनदा घोकलं. शेजारच्याने विचारलं, कोण हो? तिने सांगितलं. नाव दारापर्यंत गेलं. हिरोत्सुसाननी पत्ता मागून घेतला.

संध्याकाळी घरी दोघं जेवायला बसली. काझुएने माशाच्या पातळ चकत्या कापून ताटलीत लावल्या आणि भात वाढला. उमेनोला रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. रिकामं पुडकं त्याने हातात घेतलं. वर चिकटवलेल्या कागदावर मेव्हण्याचं नाव होतं, काळ्यावर लाल. लाल रंग काळ्यापासून चांगला तांदळाभर सरकला होता.

"छपाई वाकडी आहे," तो म्हणाला.

"असू दे," काझुए म्हणाली. "वाचता येतंय."