ऑरिनकाकांचं छापून येतं

वेल्माताईचं पत्र मार्चमध्ये आलं होतं, आणि ऑरिनकाकांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. एप्रिलमध्ये दिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचेना. मेमध्ये दिलं नाही, कारण उशीर झाल्याची लाज वाटू लागली. जूनमध्ये त्यांनी ते फ्रिजच्या दारावर उलटं करून लावलं, म्हणजे निदान अक्षर तरी दिसू नये.

ताईचं अक्षर ताईसारखंच होतं, लांबून ऐकू येणारं. ‘ऑरी, तुझ्या शेजारच्या शेडमधून गवत कापायचं यंत्र चोरीला जातं, आणि तू त्या घरात एकटा, हातात पुस्तक घेऊन बसलेला. एक तर चारचौघांसारखं पिस्तूल घे आणि जवळ बाळग. नाही तर गव्हाची कापणी आटोपली की मी ट्रक घेऊन येते आणि तुला सामानासकट कॅन्ससला आणते. तुझी खोली रंगवून घेतलीय.’

ऑरिनकाकांना चोरांची भीती वाटे. पिस्तुलाची त्याहून जास्त वाटे. आणि सगळ्यात जास्त त्या रंगवलेल्या खोलीची. ताईच्या घरी टीव्ही सकाळी सुरू होई तो रात्रीच्या प्रार्थनेलाच थांबे, आणि पुस्तकांनी घरात धूळ होते असं तिचं ठाम मत होतं. काकांचं सगळं आयुष्य ग्रंथालयाची फिरती गाडी ओझार्कच्या डोंगरांतून हाकण्यात गेलं होतं. त्या आयुष्यात त्यांनी ताईला कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. त्यांच्या लग्नातला कोटसुद्धा तिनेच निवडला होता.

कॅन्ससमध्ये कापणी सुरू झाल्याचं रेडिओवर ऐकलं, त्या दिवशी काका मुकाट्याने चार्लीनच्या बंदुकांच्या दुकानात गेले.

“काका, वाट चुकलात का?” चार्लीन चष्म्यावरून बघत म्हणाली. “ग्रंथालय पलीकडच्या गल्लीत.”

“लहानसं काहीतरी हवं होतं. स्वस्त. फार आवाज न करणारं.”

“पिस्तूल हवंय की मांजर?”

तिने एक काळं पिस्तूल काढलं आणि वरचा भाग मागे ओढायला सांगितलं. काकांनी ओढला. संधिवाताची बोटं कुरकुरली, पिस्तूल हललं नाही.

“राहू द्या. आणि याचा धक्का बसला तर तुमचं मनगट शोधायला जावं लागेल. तुम्ही बावीस कॅलिबरचं घ्या. छोटी गोळी, धक्का नाही, खिशात मावतं.”

“त्यानं माणूस मरतो का हो?” काकांनी विचारलं. उत्तर ‘नाही’ असावं अशी त्यांची फार इच्छा होती.

“मरतो, नाही तर चिडतो. माझा मेहुणा म्हणतो, बावीसची गोळी मारली की लगेच माफी मागावी.” तिने कपाटातून मुठीएवढं रिव्हॉल्व्हर काढलं. “या गोळीची पेट घेणारी दारू बुडाच्या काठात असते, त्यामुळे एखादी फुसकी निघते. यात ती काळजी नाही. पुन्हा चाप दाबा, पुढची हजर. रिकामं आहे, दाबून बघा.”

काकांनी एका बोटाने चाप दाबला. मग दोन बोटांनी. मग डोळे मिटून, ओठ चावून. चाप जागचा हलला नाही.

“बावीसचा चाप जरा कडकच असतो,” चार्लीन म्हणाली.

“हेच द्या.”

“अहो, पण तुम्हाला दाबता येत नाहीये.”

“म्हणूनच.”

 चार्लीनने छोटं चामडी म्यान दिलं, रिव्हॉल्व्हर त्यात घालून खिशात ठेवायला लावलं, आणि दुकानभर चालून दाखवायला सांगितलं.

“काका, तुमचं छापून येतंय.”

काकांचे कान लाल झाले. बंद पडलेल्या फिरत्या गाडीवर त्यांनी एक छोटा लेख लिहून जिल्ह्याच्या साप्ताहिकाकडे धाडला होता, आणि ही गोष्ट कुणालाही ठाऊक नव्हती.

“कुठे?” त्यांनी हळूच विचारलं.

“मांडीवर. आमच्यात असंच म्हणतात. कपड्यातून आकार उमटला की छापून आलं. छापून येणं वाईट, काका. सैल पँट घाला.”

घरी येऊन त्यांनी ताईला लिहिलं, ‘मी पिस्तूल घेतलं आहे. ते मी नेहमी जवळ बाळगतो. तेव्हा ट्रक आणण्याची तसदी घेऊ नये.’ लिहिलेलं खरं असावं, म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हर खिशात ठेवलं. गोळ्या मात्र साखरेच्या डब्यामागेच राहू दिल्या. भरलेलं असण्याबद्दल ताईने काही लिहिलं नव्हतं. मग सगळ्यात सैल पँट पट्ट्यांनी खांद्याला टांगून ते पोस्टात निघाले.

पोस्टात रांग म्हणजे एकटा रॉइस होता, शेरीफच्या हाताखालचा पोलीस अधिकारी. काका त्याच्या मागे उभे राहिले आणि सवयीने भिंत वाचू लागले. तिकिटांची जाहिरात वाचली. कुत्रे आणू नयेत, ते वाचलं. त्याखालची पाटी ते इतकी वर्षं न वाचता जात होते, कारण तिचा त्यांच्याशी संबंध नव्हता. या इमारतीत आणि तिच्या आवारात शस्त्र आणणं हा केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे; दंड किंवा कैद.

 समोर रॉइसची रुंद पाठ होती. ते एक पाऊल मागे सरकले. मग दुसरं.

“अहो ऑरिनकाका, निघालात कुठे?” खिडकीतून पोस्टमास्तरीण नोरीनने मोठ्याने हाक मारली. “तुमचं छापून आलंय की. सकाळपासून सगळं गाव तेच बोलतंय.”

सगळं गाव. काकांनी दोन्ही हात वर केले. एका हातात पत्र होतं.

“बावीसचंच आहे,” ते म्हणाले. “भरलेलं नाही. आणि मला ते चालवताही येत नाही.”

नोरीनच्या हातात साप्ताहिक होतं, काकांचा लेख असलेलं पान वर केलेलं. तिने पानाकडे पाहिलं, काकांच्या खिशाकडे पाहिलं. रॉइस सावकाश वळला.

“काका,” तो म्हणाला, “मी काही ऐकलं नाही. नोरीनने काही ऐकलं नाही. आपण दोघं जरा बाहेर मोकळ्या हवेत जाऊ.”

बाहेर आल्यावर काका गाडीचं दार उघडू लागले.

“गाडीत नको. ही जागाही पोस्टाचीच.”

“मग गाडी पलीकडे लावतो.”

“पलीकडे शाळा आहे.”

“शेजारी?”

“शेजारी कोर्ट. काका, तुम्ही मला छळायला निघालात का?” रॉइसने कपाळ पुसलं. “द्या इकडे. मी माझ्या गाडीत कुलपात ठेवतो, मला चालतं. तुम्ही पत्र टाकून या.”

काका आत गेले. खिसा हलका झाला होता. पत्र पेटीत टाकणार, तोच त्यांना आठवलं की आत लिहिलंय, नेहमी जवळ बाळगतो. ही तर थाप झाली. ग्रंथालयाच्या माणसाने चुकीची नोंद पाठवायची म्हणजे काय? त्यांनी पाकीट फोडलं आणि साखळीला बांधलेल्या पेनने ‘नेहमी’च्या पुढे लिहिलं, ‘पोस्ट सोडून’. मग ‘शाळा आणि कोर्ट सोडून’. मग ‘चर्च सोडून’, कारण तिथे न्यायचा धीर त्यांना कधीच झाला नसता. मग ‘घर सोडून’, कारण घरात ते नजरेसमोर असतं तर घास उतरला नसता. एवढं सोडून उरलं काय, ते पाहिलं तर उरला होता फक्त रस्ता, आणि रस्त्यावर त्यांना सगळे ओळखत होते.

त्यांनी ते वाक्य खोडलं. मग वरचं खोडलं. कागद भरून गेला, म्हणून नोरीनकडून नवा कागद आणि पाकीट मागितलं.

“लेखाचं अभिनंदन करायचं राहिलं, काका,” नोरीन कागद देत म्हणाली. “चांगलं लिहिलंय. माझ्या आईला वाचून दाखवलं.”

काका काहीतरी पुटपुटले. मग एकेक शब्द जपून लिहिला. ‘वेल्माताई, मी पिस्तूल बाळगत नाही. घेतलं होतं, ते परत करतो आहे. दाराची कडी चांगली आहे. मी कॅन्ससला येणार नाही. ट्रक आणू नकोस. आलीस तर पीचची गोड पाई खायला ये. ऑरी.’

पुन्हा वाचायचा धीर नव्हता. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि डोळे मिटून पेटीत सोडलं. पत्र तळाशी पडल्याचा बारीकसा आवाज आला.

काकांनी पेटीच्या फटीतून आत पाहिलं. अंधार होता. पत्र उद्या निघणार, परवा ताईच्या हातात पडणार. ताई चष्मा लावणार, आणि ‘येणार नाही’ या शब्दांपाशी थांबणार.

ते घाईघाईने बाहेर आले. रॉइस गाडीला टेकून उभा होता.

“झालं का काका? हे चार्लीनकडूनच घेतलंत ना? परत पोचवू का?”

“थांब,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “आता ते जरा लागेलसं वाटतंय.”