बॅटरीची प्रकृती पाहणारी समिती

सेहेचाळीस साली आमच्या पलूसचे निवृत्त सुभेदार लालासाहेब यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी मोटार घेतली. नागपंचमीला पत्नी राहीबाईंना त्याच मोटारीतून शिराळ्याला माहेरी नेणार, असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं. राहीबाईंनी ते भावजयांना तातडीनं कळवल्यामुळे माघारीची वाट बंद झाली. मोटार हातानं सुरू करायचा लोखंडी दांडा लिलावातच गहाळ झाला होता. सगळी मदार बॅटरीवर होती.

म्हणून पंचमीच्या आदल्या सकाळी सुभेदारांनी घरच्या घरी बॅटरी तपासली. झाकणं उघडून पाणी पाहिलं, दिवे लावले, हॉर्न वाजवला. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. प्रकृती उत्तम होती आणि गोष्ट इथंच संपायला हरकत नव्हती. पण हॉर्न ऐकून शेजारचे आप्पासो आले.

“आजारी हाय व्हय?”

“न्हाई. नुसती बघितली.”

“मंग आमाला बी दावा की.”

दाखवली. तासाभरात सयाजी पाटील रुसून दारात उभे. “पयला हॉर्न आप्पासोला? मंग पाटीलकीचा मान कुटं ऱ्हायला?”

मान राखायचा म्हणून पाटलांना दोनदा वाजवून दाखवला. पाटलांच्या थोरल्या घराला दोनदा म्हटल्यावर भावकीतल्या धाकट्या घरानं तीनदा मागितला. सुभेदार लढाईत कधी डगमगले नव्हते, पण भावकीपुढं त्यांचं काही चालेना.

रेशनच्या कचेरीत कारकून असलेल्या नारायणरावांना हा बेशिस्त कारभार पाहवेना. त्यांनी तिथल्या तिथं समिती नेमली. पहिला ठराव असा: ‘प्रत्येक सभासदाने बॅटरीची प्रकृती स्वतः दिवे लावून पडताळावी. दुसऱ्याच्या पडताळणीवर विसंबणे बेजबाबदारपणाचे समजले जाईल.’

सगळ्यांनी पडताळली. दुपारी दिवे पिवळे दिसू लागले. समिती हादरली. दुसरा ठराव झाला: ‘प्रकृती खालावत असल्याने तपासणी वाढवावी.’ तपासणी वाढली, तसे दिवे तांबूस झाले आणि हॉर्न खोकू लागला. सभासदांना खरोखरच वाईट वाटत होतं. पाटलांचे तर डोळे पाणावले. त्याच डोळ्यांनी त्यांनी आणखी एकदा हॉर्न दाबला. शेजारच्या धोंडुबाईंनी येऊन मीठमोहऱ्या ओवाळल्या.

शेवटी राहीबाई बाहेर आल्या. “आवं, जरा गप पडू द्या की तिला! घटकंघटकंला उटवून ‘बरी हायस का’ इचारलं, तर धडधाकट मानूस बी मरंल!”

नारायणरावांनी शांतपणे नोंद केली, ‘घरातील स्त्रियांचे सहकार्य नाही.’

पंचमीला राहीबाई नवं लुगडं नेसून, नथ घालून मोटारीत बसल्या. सगळा गाव निरोपाला आला होता. सुभेदारांनी बटण दाबलं. मोटारीनं साधा हुंकारही दिला नाही. ढकलून बघू म्हटलं, तर उजव्या अंगाला कुणी लागायचं यावर थोरलं आणि धाकटं घर भांडत बसलं. उजवं अंग मानाचं ना!

राहीबाई डोळे पुसून उतरल्या आणि गाडीवान गुंडाच्या बैलगाडीत चढल्या.

“भावजयांना सांग, मोटार मागनं येतीया,” सुभेदार पडेल आवाजात म्हणाले.

“कवा?”

“अहवाल आल्यावर,” नारायणराव म्हणाले.

अहवाल संध्याकाळीच आला. बॅटरी मुळातच नाजूक असावी, अन्यथा इतक्या देखरेखीत ती दगावली नसती, असा समितीचा एकमुखी निष्कर्ष होता. पुढच्या बॅटरीसाठी सभासद दुप्पट करावेत, अशी शिफारसही होती.

तुम्ही हसताय, हसा. पण खरं सांगा, त्या सकाळी तुम्ही तिथं असता, तर हॉर्न न दाबता परत फिरला असता? नाही ना? मग समितीत तुमचीही एक जागा राखून ठेवली आहे.