हिल्डाबाईंची शेवटची घंटा

"आज घंटेला हात लावीन, तर नावाची हिल्डा नाही," हिल्डा क्लेगने रविवारी पब उघडतानाच जाहीर केलं.

इंग्लंडातल्या यॉर्कशरमधलं ती चालवायची ते छोटं पब, त्याची मालक असलेली बिअर कंपनी आज बंद करणार होती. तिकडची रीत अशी, की पबवालीने घंटा वाजवून 'वेळ झाली' म्हटलं की नंतर कुणाला थेंब मिळत नाही. म्हणून कुठलीही गोष्ट कायमची संपवली, की ते लोक 'वेळ पुकारली' म्हणतात. म्हाताऱ्या आर्नल्डने विडीवर वेळ पुकारली होती, लग्नावरही पुकारली होती. बिअरवर तेवढी पुकारायचा धीर होत नव्हता.

दुपारी कंपनीचा पेंडलबरी आला.

"किल्ल्या काढा, बाई. वेळ पुकारा."

"घसा बसलाय."

"मग नुसती घंटा वाजवा."

"खांदा आखडलाय."

"आणि जीभ?"

"ती ठणठणीत आहे. ऐकायचीय?"

पेंडलबरीने वैतागून स्वतःच घंटेची दोरी ओढली.

आर्नल्डने टोपी काढली. "देव तुमचं भलं करो, साहेब. माझी मोठी बिअर."

गिऱ्हाइकाने घंटा वाजवली, की त्याने सगळ्यांना पाजायचं! पेंडलबरीही त्याच मुलखातला. कानापर्यंत लाल झाला, पण पाकीट काढलं. आता ज्याची बिअर प्यायली, त्याला परत पाजणं आलं. आर्नल्डची फेरी झाली, मग खाटकाची, मग पाद्रीबाईंची. त्या गावात माणूस एक वेळ चर्च चुकवील, आपली फेरी नाही.

दिवेलागणीला पेंडलबरीचा टाय आर्नल्डच्या कुत्र्याच्या गळ्यात होता, आणि साहेब त्या कुत्र्याला आपल्या वरिष्ठांच्या चहाड्या सांगत होते. हिल्डाच्या पायांचे भोपळे झाले होते.

"घरी जा आता सगळे."

"वेळ पुकारली का?" आर्नल्डने विचारलं. कुणी हललं नाही. छप्पर कोसळलं तरी ते लोक घंटेशिवाय उठले नसते.

हिल्डाने तणतणत दोरी ओढली. "वेळ झाली, मेल्यांनो!"

आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

पेंडलबरी सावकाश उठला. गल्ल्यावरच्या किल्ल्या त्याने उचलल्या, न्याहाळल्या, आणि तिच्यापुढे सरकवल्या.

"उद्या बाराला उघडा. सगळ्यांच्या झाल्या, आता पुन्हा माझी फेरी. ती बुडवून पब बंद केलं, तर बाप थडग्यातून उठेल माझा."

"आणि परवा?"

"परवा आर्नल्डची."

हिल्डाने विजयी मुद्रेने दार लावलं, बाकावर बसून बूट काढले. उद्या, परवा आणि तेरवाही आपल्यालाच उभं राहायचंय, हे तिच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.