अरवादचे चार तट

अरवाद बेटाचा इतिहास सांगावा तर मीच! मी हात लावला की दगड बोलू लागतात, असं मी सगळ्यांना सांगत असे. दगडांनी ते कधी नाकारलं नाही.

म्हणून पुरातत्त्व खात्याचे रशादसाहेब तपासणीला आले तेव्हा मी निर्धास्त होतो. शहर पाहायला निदान अर्धा दिवस लागतो, असं त्यांनी लिहिलं की माझी राखणदारी कायम; नाही तर घरी! त्यात येताना एका लाटेनं साहेबांचा चष्मा गिळलेला. लाटेला मी मनोमन दुवा दिला.

पण आमचं बेट भाकरीएवढं! किल्ला झाला, तट झाला, तरी घड्याळात जेमतेम अर्धा तास!

तटाच्या सावलीत खदूजमावशी मासे साफ करत होती. तिनं कॉफी पाजली.

“हा फिनिशियन तट, साहेब. चला, आता रोमन तट!” म्हणत मी त्यांना होड्यांच्या कारखान्यामागून वळवून पुन्हा तिथंच आणलं.

“घ्या कॉफी,” मावशी म्हणाली.

“या बाई मघाशी भेटल्या ना?”

“ती यांची धाकटी बहीण,” मी दडपून सांगितलं.

मावशीची सुरी हवेतच थांबली. “धाकटी? आणि मी म्हातारी होय रे, वहीब?”

तिसऱ्या फेरीत तट ग्रीक झाला आणि मावशी स्वतःचीच सासू! “त्या बयेचं तोंड मला चिकटवतोस? मेल्या!” ती फुत्कारली, पण कॉफी दिलीच. पाहुणा कोरडा कसा जाऊ द्यायचा? चौथ्या फेरीत कॉफी पिऊन पिऊन साहेबांचे हात शिडासारखे फडफडत होते.

“चार तट!” ते भारावून म्हणाले. “अर्धा कसला, अख्खा दिवस हवा! तुमची नोकरी कायम!”

मी जमिनीपासून वीतभर वर!

“मात्र तिसरा फार ढासळलाय. तो उतरवा, दगड बाकीच्या तिन्हींना लावा. उद्याच माणसं पाठवतो!”

मी धपकन खाली. हजारो वर्षं लाटांशी भांडून उरलेला तो म्हातारा तट ऊन खात उभा होता; अंगावर मावशीची ओढणी वाळत होती.

“बोल की रे!” मावशी कडाडली. “नाही तर मी बोलते. आणि मी बोलले, तर चौघीही बोलू!”

मी बोललो.

राखणदारी गेली. आता बंदरावर पाहुण्यांना हात देऊन होडीतून उतरवतो. गावात तट एकच आहे, असं अगदी खरं सांगतो. ते जाऊन बघून येतात आणि म्हणतात, “एवढाच?”